चार इंजिनं, एक टेबल: जुने बॉम्बर घरच्या सिम्युलेटरवर कसे उडवावेत

जुनं बॉम्बर विमान सिममध्ये पहिल्यांदा उघडलं की बहुतेक जण धावपट्टीवर, चालू इंजिनांसह सुरुवात करतात, थ्रॉटल पुढे ढकलतात, वर जातात, बॉम्ब टाकतात आणि अर्ध्या तासात कंटाळतात. मग लढाऊ विमानाकडे परत. यात विमानाचा दोष नाही. बॉम्बर ही वळणं-कोलांट्यांची गोष्टच नव्हे. त्यात खरा आनंद आहे तो चार इंजिनांचा संसार तीन-चार तास नीट चालवण्यात. तापमान, दाब, इंधन, दिशा आणि वेळ या पाच गोष्टी सतत हातात ठेवायच्या. बॉम्ब पडण्याची वेळ त्यात जेमतेम अर्ध्या मिनिटाची. हे एकदा पटलं की बाकीची तयारी कशासाठी करायची ते आपोआप कळतं.

विमान एकच निवडा, महिनाभर तेच

शिकायला सर्वांत चांगलं विमान म्हणजे चार इंजिनांचं अमेरिकन बी-१७. शेपटीला चाक असल्याने जमिनीवर थोडं हट्टी, पण हवेत अतिशय शांत. एटूए सिम्युलेशन्सचं बी-१७जी जुन्या एफएसएक्स आणि प्रिपेअर-थ्री-डी या सिम्युलेटरांसाठी आहे. चित्र आजच्या मानाने जुनं दिसतं, पण इंजिनाची झीज एका उड्डाणातून पुढच्या उड्डाणात तशीच राहते. आज सिलिंडर तापवलेत तर परवा त्याची फळं भोगावी लागतात, आणि हँगरमध्ये दुरुस्ती केल्याशिवाय सुटका नाही. बॉम्बर शिकायला याहून चांगला मास्तर नाही.

युद्धातली मोहीमच हवी असेल तर आयएल-२ ग्रेट बॅटल्समधलं हाइन्केल १११ एच-६ घ्या. दोनच इंजिनं, वेग कमी, आणि लोटफे ७ हे बॉम्बसाइट (बॉम्ब कधी सोडायचा ते दाखवणारं यंत्र) खरोखर वापरावं लागतं. त्याच सिममध्ये जुंकर्स ८८ आणि रशियन पे-२ आहेत, पण ती दुसऱ्या टप्प्याला. डीसीएस या सिममधला मॉस्किटो एफबी ६ देखणा आहे. मात्र त्यात उंचीवरून बॉम्ब टाकायचं बॉम्बसाइट नाही. तो झाडांच्या शेंड्यांवरून जाणारा प्रकार आहे. तिथे बॉम्बला ११ सेकंदांचा विलंब लावायचा असतो, नाहीतर आपल्याच स्फोटात आपण सापडतो.

मायक्रोसॉफ्टच्या नव्या सिमसाठी किंवा एक्स-प्लेनसाठी विमान विकत घेताना बाहेरच्या रंगकामाची छायाचित्रं बघून पैसे देऊ नका. चार गोष्टी विचारा: प्रत्येक इंजिनाचे काउल फ्लॅप (इंजिन गार ठेवणारी झडपं) वेगळे हलतात का, टर्बोचं (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचं) बटण खरंच काम करतं का, फेदरची (बंद इंजिनाची पाती वाऱ्याला समांतर करणारी) चार बटणं आहेत का, आणि इंजिन तापवून बिघडवता येतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर ते विमान फोटो काढण्यापुरतं चांगलं. फ्लाइटगिअर फुकट आहे, तिथून सुरुवात करायलाही हरकत नाही. तिथल्या विमानांचा दर्जा मात्र एकसारखा नाही, चार-पाच उतरवून बघावी लागतात.

दांड्यांचं खोकं घरी बनवा

की-बोर्डवर चार इंजिनं चालवणं म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवणं. बाजारात सहा दांड्यांचा हनीकोम्ब ब्राव्हो मिळतो, किंवा लॉजिटेकचे तीन दांड्यांचे दोन क्वाड्रंट शेजारी लावता येतात. पण बॉम्बरला खरं तर आठ दांड्या हव्यात: चार थ्रॉटलच्या (ताकदीसाठी), चार प्रॉपेलरच्या (फेऱ्यांसाठी). मिक्श्चरसाठी (हवेत इंधन किती मिसळायचं यासाठी) दांडी लागत नाही. बी-१७ चं मिक्श्चर बहुतेक वेळ बंद, ऑटो-लीन आणि ऑटो-रिच या तीन ठरलेल्या जागांवरच असतं, त्यामुळे ते साध्या बटणांवर ठेवता येतं. आठ हा आकडा सोयीचाही आहे, कारण विंडोज एका जॉयस्टिकचे आठच अक्ष, म्हणजे आठ दांड्या, नीट ओळखतं.

सामान असं: अर्डुइनो प्रो मायक्रो बोर्ड एक (त्यावर एटीमेगा ३२यू४ चिप आहे याची खात्री करा, दिसायला तशाच असणाऱ्या प्रो मिनीवर यूएसबीच नसतं), ६० मिलिमीटर सरकणारे स्लाइड पोटेन्शिओमीटर (दांडी कुठे आहे ते बोर्डला सांगणारे) आठ, १० किलोओहमचे, ‘१०४’ छापलेले सिरॅमिक कपॅसिटर आठ, ३ मिलिमीटरचा अ‍ॅक्रिलिक किंवा एमडीएफचा तुकडा, एम-३ स्क्रू आणि पातळ वायर. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलात की लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत सगळं मिळतं.

दुकानात पोटेन्शिओमीटरवर ‘बी’ लिहिलंय का ते स्वतः वाचा. ‘बी’ म्हणजे सरळ चढणारा. ‘ए’ हा आवाजाच्या बटणासाठी असतो. तो लावलात तर दांडी अर्ध्यावर नेली तरी सिमला दहा-पंधरा टक्केच दिसतात आणि पुढच्या बोटभर अंतरात सगळी ताकद एकदम येते. फिरणाऱ्या पोटेन्शिओमीटरपेक्षा सरकणारा घ्यायचं कारणही सांगतो. फिरणारा साधारण २७० अंश फिरतो, पण दांडी हातात ७० अंशच हलते. बोर्ड पूर्ण फेरीचे १०२४ भाग करतो, त्यातले आपल्या वाट्याला जेमतेम २६५ येतात. सरकणाऱ्यात पूर्ण १०२४ मिळतात, आणि प्रॉपेलरचे पाच-दहा फेरे इकडेतिकडे करताना हा फरक बोटांना जाणवतो.

जोडणी सोपी आहे. प्रत्येक पोटेन्शिओमीटरचं एक टोक ५ व्होल्टला, दुसरं ग्राउंडला, मधली पिन बोर्डच्या अ‍ॅनालॉग पिनला. मधली पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये कपॅसिटर डकवा, म्हणजे आकडा थरथरणार नाही. प्रो मायक्रोवर अ‍ॅनालॉग पिना नऊ आहेत, म्हणजे आठ दांड्या बसून एक उरते. बोर्डवर एमएमजॉय-२ हे फुकट फर्मवेअर (बोर्डच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) चढवलं की विंडोजला ते खोकं जॉयस्टिक म्हणून दिसतं. एखादी दांडी उलटी चालली तर वायर उकलत बसू नका, फर्मवेअरमध्ये ‘उलट’ची खूण करा.

दांड्यांमध्ये २५ मिलिमीटर अंतर ठेवा. चार दांड्या ७५ मिलिमीटरमध्ये बसतात आणि एका तळहातात धरता येतात. यापेक्षा अंतर वाढवलं तर उड्डाणाच्या वेळी दोन हात लागतील आणि विमान वळवायच्या व्हीलला हात उरणार नाही. वरचा पत्रा १२ मिलिमीटर प्लायवुडचा करू नका, दांडीचं टोक वर येतच नाही. खालचं खोकं मात्र प्लायवुडचंच चांगलं. सोसायटीत कुणाकडे फर्निचरचं काम चालू असेल तर सुताराकडे उरलेले तुकडे सहज मिळतात.

आपल्याकडची खरी अडचण दमट हवेची. खाडीकाठी, म्हणजे ऐरोली, वाशी, कोपरी, कळवा या पट्ट्यात, उघडा स्लाइड पोटेन्शिओमीटर एक पावसाळा काढतो आणि मग आकडा उड्या मारायला लागतो. तीन नंबरचं इंजिन मध्येच धक्के देतंय असं वाटतं, आणि दोष विमानात शोधला जातो. फटीखाली आतून पातळ रबराची पट्टी लावा, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, वापर नसताना वर कापड घाला. तरीही आकडा उडाला तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून दांडी वीसेक वेळा पुढेमागे करा. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मारू नका, तो धूळ धरून ठेवतो आणि महिन्याभरात दुखणं दुप्पट होतं.

रडर पेडल, वीज आणि बाकीचं

शेपटीच्या चाकाचं विमान रडर (शेपटीचं सुकाणू) हलवणाऱ्या पेडलशिवाय शिकू नका. पिळता येणारी जॉयस्टिक चालते, पण पायाच्या पंजाने दोन ब्रेक वेगळे दाबता येत नाहीत. आपल्या घरातल्या गुळगुळीत लादीवर पेडल पुढे सरकतात आणि चाकांची खुर्ची मागे. पेडलखाली रबराची चटई घाला आणि खुर्चीची पाठ कपाटाला टेकवा, दोन्ही प्रश्न सुटतात.

लांब उड्डाणात वीज गेली तर तीन तास पाण्यात. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो, ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला तो नेमका वेळेला पुरत नाही. ११०० व्हीएचा घ्या. तो तासभर चालणार नाही, पण सिम थांबवून उड्डाण साठवायला मिळणारी पाच मिनिटं पुरेशी असतात. दर २० मिनिटांनी साठवायची सवयही लावून घ्या.

डोकं वळवून खिडकीतून इंजिनाकडे बघता येणं बॉम्बरमध्ये फार उपयोगी पडतं. साधा वेबकॅम आणि ओपनट्रॅक हे फुकट सॉफ्टवेअर एवढ्यावर ते जमतं. प्रकाश चेहऱ्यावर समोरून पडू द्या, मागे ट्यूबलाइट नको. आणि हेडफोन वापरा. बी-१७ च्या चार सायक्लोन इंजिनांचा मंद घरघराट रात्री बाराला भिंतीतून शेजाऱ्यांकडे पोहोचतो. शिवाय पुढे सांगितलेलं इंजिन जुळवणं कानानेच करायचं आहे.

सांताक्रूझहून उड्डाण

घरचा तळ म्हणून मुंबई विमानतळ घ्या. धावपट्टी २७ जवळजवळ साडेतीन किलोमीटर लांब आहे, शिकाऊ माणसाच्या चुका पोटात घालते. जागाही अनाठायी नाही, दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझ हा ब्रिटिश हवाई दलाचाच तळ होता.

टाक्या पूर्ण भरू नका, ही पहिली सूचना. बी-१७जी मध्ये २,७८० अमेरिकन गॅलन मावतात, पण क्रूझमध्ये चारही इंजिनं मिळून तासाला २०० गॅलनच्या आसपास पितात. ८०० गॅलन टाकलेत तर चार तासांची सोय झाली. सगळं भरून मे महिन्याच्या दुपारी निघालात, तर ३५ अंशांत समुद्रसपाटीची हवासुद्धा २,४०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते, आणि विमान धावपट्टी खात बसतं.

सुरू करण्याआधी प्रॉपेलर हाताने फिरवा. एटूएच्या विमानात त्याची सोय आहे. हे नाटक नव्हे. ताऱ्यासारखे गोल सिलिंडर मांडलेल्या इंजिनात खालच्या सिलिंडरमध्ये तेल साचतं, ते दाबलं जात नाही, आणि तसंच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मग काउल फ्लॅप पूर्ण उघडे, टर्बो शून्यावर, इंटरकूलर थंड, प्रॉपेलर पूर्ण आरपीएमवर, मिक्श्चर बंद, थ्रॉटल बोटभर उघडं, बूस्टर पंप चालू. एक नंबरपासून सुरुवात (नंबर डावीकडून मोजतात). स्टार्टरचं जड चाक दहा-बारा सेकंद फिरू द्या, मग गुंतवा. इंजिन चालू झालं की मिक्श्चर ऑटो-रिचला. घाई करून आधीच रिच केलंत तर सिलिंडर पेट्रोलने ओले होतात आणि इंजिन फुरफुरून बंद पडतं. अर्ध्या मिनिटात तेलाचा दाब चढला नाही तर बंद करा, वाट बघू नका. मग दोन, तीन, चार.

१,००० आरपीएमवर इंजिनं गरम होऊ द्या. टॅक्सी करताना आतली दोन इंजिनं मंद ठेवा आणि बाहेरच्या दोघांनी, म्हणजे एक आणि चारने, विमान वळवा. ब्रेक शेवटचा उपाय. इथेच नवखे अडकतात. आपल्या हवेत रांगेत पाच-सात मिनिटं उभं राहिलं की सिलिंडरचं तापमान २०५ अंशांच्या पुढे सरकतं, आणि तसंच उड्डाण केलं तर पूर्ण ताकदीवर ते मर्यादेबाहेर जातं. अशा वेळी नाक वाऱ्याकडे करून थांबा आणि काटा खाली येऊ द्या.

मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र) तपासताना १०० आरपीएमपेक्षा जास्त घसरण नको. धावपट्टीच्या मध्यरेषेवर दहा-वीस मीटर सरळ पुढे जा, मगच शेपटीचं चाक लॉक करा. चाक तिरकं असताना लॉक केलं तर ते बसत नाही आणि विमान पहिल्या पन्नास मीटरमध्येच डावीकडे पळतं.

टर्बोचं बटण आठवर. थ्रॉटल सावकाश, चार-पाच सेकंदांत पुढे न्या. चारही प्रॉपेलर पायलटच्या नजरेतून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात, म्हणून विमान डावीकडे ओढतं. सुरुवातीला रडरला हवा मिळत नाही, तेव्हा एक नंबरची दांडी बाकीच्यांपेक्षा थोडी पुढे ठेवायची. आठ वेगळ्या दांड्यांचं मोल इथे कळतं. ४६ इंच मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब), २,५०० आरपीएम. ताशी ११० ते ११५ मैलांना विमान स्वतःच उठतं, त्याला ओढू नका. चाकं वर, वेग १४० होऊ द्या, मग आधी थ्रॉटल ३८ इंचांवर आणि नंतर आरपीएम २,३०० वर. हा क्रम पाठच करा: ताकद कमी करताना आधी थ्रॉटल मग प्रॉपेलर, वाढवताना आधी प्रॉपेलर मग थ्रॉटल. उलट केलंत तर कमी फेऱ्यांवर जास्त दाब येतो आणि सिलिंडरमध्ये ठोके बसतात. सिममधली निम्मी इंजिनं याच चुकीने मरतात.

इंजिनं कानाने जुळवा

समुद्रावर २,००० फुटांना गेलात की उजवीकडे वळा, किनाऱ्याने वसईच्या खाडीपर्यंत जा आणि खाडी धरून घोडबंदरवरून ठाण्याकडे या. उजवीकडे येऊरचे डोंगर राहतात. तोवर ५,००० फूट गाठा, काउल फ्लॅप बंद करा, टर्बो शून्यावर आणा आणि २८ इंच व २,००० आरपीएमवर स्थिर व्हा. काउल फ्लॅप उघडे विसरलात तर वेग कमी मिळतो आणि विमान थरथरतं. त्याचं कारण पुष्कळ जण तासभर ट्रिममध्ये (हात न लावता विमान सरळ ठेवणाऱ्या जुळणीत) शोधतात.

आता हेडफोनमध्ये ऐका. आवाज एकसंध नसतो, घुंऽऽ… घुंऽऽ… असा लाटेसारखा येतो. ही लाट म्हणजे दोन प्रॉपेलरमधला फरक. या इंजिनात प्रॉपेलर इंजिनाच्या १६ फेऱ्यांना ९ फेऱ्या घेतो आणि त्याला तीन पाती आहेत. म्हणजे दोन इंजिनांत १० आरपीएमचा फरक असेल तर साधारण साडेतीन सेकंदांना एक लाट येते. काट्यावर १० आरपीएम दिसतही नाहीत, पण कानाला स्पष्ट कळतात. दोन नंबरचं इंजिन आधार धरा. तीनची प्रॉपेलर-दांडी केसभर हलवा. लाटा लांबत गेल्या तर दिशा बरोबर, जवळ आल्या तर उलट. लाट दहा सेकंदांवर गेली की सोडून द्या, मग एक आणि चारकडे वळा. चारही जुळले की आवाज एकदम सपाट होतो, आणि तो क्षण या छंदातल्या सर्वांत सुंदर क्षणांपैकी एक आहे.

जीपीएस बंद: ठाणे ते पुणे

ठाणे स्टेशन ते पुणे हवाई अंतर सुमारे ११७ किलोमीटर, दिशा १२८ अंश. मुंबईच्या परिसरात होकायंत्र आणि खरी उत्तर यांत फरक जवळजवळ नाही, त्यामुळे शिकायला ही जागा फार सोयीची. घड्याळ ठाण्याच्या खाडीपुलावर सुरू करा. ५,००० फुटांवर वेगाचा काटा १५० मैल दाखवत असेल तर प्रत्यक्ष वेग सुमारे १६२ मैल, म्हणजे २६० किलोमीटर असतो. दर हजार फुटांना दोन टक्के, हा ढोबळ हिशेब पुरतो.

वारा नसेल तर नवव्या मिनिटाला डाव्या पंखाखाली माथेरानचं पठार आणि त्याच्या थोडं आधी उजवीकडे प्रबळगड यायला हवा. दोघांच्या मधून गेलात तर दिशा बरोबर. माथेरान उजवीकडे दिसलं तर वारा तुम्हाला डावीकडे, म्हणजे ईशान्येकडे, ढकलतोय. तीन अंशांची चूक ३९ किलोमीटरला दोन किलोमीटर होते, यावरून किती अंश दुरुस्त करायचे ते काढा. माथेरानला नऊऐवजी दहा मिनिटं लागली तर प्रत्यक्ष जमिनीवरचा वेग २३४ आहे, पुण्याची वेळ पुन्हा मांडा: २७ नव्हे, ३० मिनिटं. कागद-पेन्सिल हाताशी ठेवा. पावसाळ्यातल्या खऱ्या हवामानात हेच उड्डाण करून बघा. घाटमाथ्यावर ढग बसलेले असतात, माथेरान दिसतच नाही, आणि घड्याळावरचा विश्वास तिथे पक्का होतो. कर्जतपुढे मात्र ढगात असाल तर ६,००० फुटांखाली राहू नका.

बॉम्ब कुठे पडतो आणि का चुकतो

हे हाइन्केलवर शिका. गणित एकदा हाताने करून बघा, मग बॉम्बसाइटचं प्रत्येक बटण बोलायला लागतं. उंची ३,००० मीटर, वेग ताशी ३२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ८९ मीटर. हवेचा अडथळा सोडला तर बॉम्बला खाली यायला २४.७ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात तो २,२०० मीटर पुढे जातो. म्हणजे लक्ष्य सरळ खालच्या रेषेपासून ३६ अंश पुढे दिसत असतानाच बॉम्ब सोडायचा. प्रत्यक्षात हवेमुळे तो थोडा मागे पडतो, बॉम्बसाइट ते धरून घेतं.

आता चुका. सेकंदाला १० मीटरचा वारा पाठीमागून असून तुम्ही शून्य टाकला, तर बॉम्ब सुमारे २५० मीटर पुढे पडणार. लक्ष्य समुद्रसपाटीपासून २०० मीटर उंचीवर आहे हे विसरलात तर सुमारे ७० मीटर. वेगाचा काटा पाहून तोच आकडा टाकलात आणि बॉम्बसाइटला प्रत्यक्ष वेग हवा होता, तर ३,००० मीटरवर १५ टक्क्यांच्या आसपास फरक, म्हणजे तीनशे मीटर. वाऱ्याची दिशा ही तर हमखास फसगत. काही ठिकाणी वारा कुठून येतो ते लिहिलेलं असतं, काही ठिकाणी कुठे जातो ते. खात्री करायची तर वाऱ्याचा आकडा दिलेली एक मोहीम उघडून, कारखान्याच्या धुराड्याचा धूर कुठे वाहतो ते एकदा पाहून या.

बॉम्ब सोडायच्या तीन मिनिटं आधी सगळं स्थिर हवं. बॉम्बचे दरवाजे तेव्हाच उघडा, शेवटच्या क्षणी नाही. दरवाजे उघडले की अडथळा वाढतो, वेग घसरतो, नाक हलतं. ते पुन्हा ट्रिम करायला मिनिटभर लागतं. समतल उड्डाणाचा ऑटोपायलट लावायचा असेल तर आधी हाताने पूर्ण ट्रिम करा. तिरकं विमान त्याच्या हवाली केलंत तर ते तिरकंच धरून ठेवतं, आणि प्रत्येक बॉम्ब एकाच बाजूला पडतो.

ज्या सिममध्ये बॉम्बच नाहीत तिथे हाच सराव कॅमेऱ्याने होतो. ऐरोलीच्या पुलापासून वाशीच्या पुलापर्यंत खाडीवरून साधारण १० किलोमीटर, २६० च्या वेगाने २ मिनिटं २० सेकंद. उंची ५० फुटांत, वेग दोन मैलांत आणि दिशा एका अंशात धरून दाखवा. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दहा प्रयत्नांत जमत नाही.

एक इंजिन गेलं तर

जो पाय सैल पडला, त्या बाजूचं इंजिन गेलं. काट्यांवर खात्री करा, मग थ्रॉटल मागे, फेदर, मिक्श्चर बंद, इंधन बंद, मॅग्नेटो बंद, त्याच क्रमाने. चुकीचं इंजिन फेदर होणं ही घाईची चूक आहे, म्हणून थ्रॉटल आधी: ते मागे ओढल्यावर विमानाच्या वागण्यात फरक पडला नाही तर मेलेलं इंजिन तेच. रिकाम्या बी-१७ ला तीन इंजिनांवर काही त्रास नसतो.

उतरणं

चाकं आणि फ्लॅप १४७ मैलांच्या खाली. शेवटच्या टप्प्यात प्रॉपेलर २,३०० वर आणा, म्हणजे परत वर जावं लागलं तर ताकद तयार असते. अ‍ॅप्रोच १२०, धावपट्टीच्या तोंडाशी ११०. थ्रॉटल एकदम बंद केलं तर जड विमान धप्पकन बसतं. चाकं टेकेपर्यंत थोडी ताकद ठेवा. आधी पुढची दोन चाकं टेकवा, शेपूट आपोआप खाली येऊ द्या, मग व्हील पोटाशी ओढून धरा. ब्रेक त्यानंतर. शेपटीचं चाक लॉक आहे का हे उतरण्याच्या यादीत पहिलं लिहा. सांताक्रूझला पंचवीस वेळा नीट उतरलात की हलकं विमान घेऊन जुहूला जा. १९२८ पासूनचा तो तळ, धावपट्टी सुमारे १,१४० मीटर, आणि एक टोक समुद्राकडे.

आपल्याकडचे बॉम्बर

युद्धानंतर कानपूरला टाकून दिलेली बी-२४ लिबरेटर विमानं हिंदुस्थान एअरक्राफ्टने दुरुस्त केली आणि ती भारतीय हवाई दलात १९६८ पर्यंत उडाली. दिल्लीत पालमच्या संग्रहालयात त्यातलं एक उभं आहे. सिममध्ये लिबरेटर मिळालं तर इंजिनं ३, ४, २, १ या क्रमाने सुरू करा, कारण हायड्रॉलिक पंप तीन नंबरवर आहे. नाकाला चाक असल्याने टॅक्सी सोपी, पण हवेत ते बी-१७ पेक्षा जड हाताचं.

त्यानंतर ब्रिटिश बनावटीचं जेट बॉम्बर कॅनबेरा, १९५७ ते २००७. जस्ट फ्लाइटचं कॅनबेरा पीआर-९ एफएसएक्स आणि प्रिपेअर-थ्री-डीसाठी आलं होतं. त्यात बॉम्ब नाहीत, कॅमेरे आहेत. १८ डिसेंबर १९६१ ला पुण्याहून निघालेल्या १२ कॅनबेरांनी गोव्यातल्या दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले होते. तो मार्ग फोटोफेरी म्हणून उडवा: पुण्याहून जवळजवळ सरळ दक्षिण, सुमारे ३५५ किलोमीटर, ताशी ७०० किलोमीटरने अर्धा तास. उत्तरेकडून थेट गेलात तर पूर्व-पश्चिम धावपट्टी आडवी लागते, ४५ मीटरची पट्टी डोळ्याची पापणी लवेपर्यंत मागे जाते. म्हणून गोव्याच्या अलीकडे समुद्रावर बाहेर पडा, धावपट्टीच्या रेषेत २० किलोमीटर पश्चिमेला वळा आणि तिच्या लांबीवरून पूर्वेकडे या. मग सेकंदभर लवकर किंवा उशीर झाला तरी ती चौकटीत राहते. सांभाळायची असते फक्त दिशा.